सांडपाण्यातील सूक्ष्मजंतू व प्रतिजैव पदार्थांचे अवशेष

घरे, रुग्णालये, पशुपालन केंद्रे आणि औषधनिर्मितीचे कारखाने यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात विष्ठेतील सूक्ष्मजंतू आणि वापरलेल्या अथवा वाया गेलेल्या प्रतिजैव पदार्थांचे (अँटिबायॉटिक औषधांचे) अवशेष एकत्र येतात. या दोहोंच्या सहवासामुळे औषधांना दाद न देणारे, म्हणजे औषधरोधी, सूक्ष्मजंतू टिकून राहण्यास आणि त्यांच्यातील औषधरोधाची जनुके (आनुवंशिक लक्षणांची एकके) इतर सूक्ष्मजंतूंत पसरण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. शिसे, पारा यांसारखी प्रदूषके वाहत्या पाण्यात विरल होत जातात. त्यांची आपोआप वाढ होत नाही. सूक्ष्मजंतू व त्यांच्यातील जनुके यांना हा नियम लागू पडत नाही. अनुकूल परिस्थिती लाभल्यास एका कोशिकेपासून थोड्याच तासांत लक्षावधी कोशिका निर्माण होऊ शकतात व प्रत्येकीत ते जनुक असते. त्यामुळे अशा सांडपाण्याचा विचार पाण्यातील रासायनिक द्रव्यांच्या प्रमाणापुरता मर्यादित ठेवता येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दूषित पाण्यामुळे रोगप्रसार होतो, हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमधील पटकीच्या साथीच्या अभ्यासातून दाखवून दिले. त्यानंतर मोठ्या शहरांतून भुयारी गटारे बांधण्यात आली आणि १९१४ मध्ये ई. आर्डर्न व डब्ल्यू. टी. लॉकेट यांनी मँचेस्टर येथे सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची सक्रियित गाळ पद्धती मांडली. ही पद्धती आजही जगभर प्रचलित आहे. तिचा विकास झाला तेव्हा प्रतिजैव पदार्थ अस्तित्वात नव्हते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनाचा शोध १९२८ मध्ये लावला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचा वापर सुरू झाला. हे औषध सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच, १९४० मध्ये, ई. पी. अब्राहम व ई. बी. चेन यांना पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडविण्यास मदत करणारे प्रथिन) एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूत आढळले होते. औषधरोध ही माणसाने निर्माण केलेली गोष्ट नव्हे. मृदेतील सूक्ष्मजीव एकमेकांविरुद्ध असे पदार्थ प्राचीन काळापासून तयार करीत आले आहेत व त्यांपासून बचावाची साधनेही त्यांच्यात विकसित झाली आहेत. माणसाने केले ते एवढेच, की ही साधने ज्यांच्याजवळ आहेत अशा सूक्ष्मजंतूंना अल्पावधीत फार मोठा लाभ करून दिला.

जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात आमांशाचे शिगेला सूक्ष्मजंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले. हा गुणधर्म संपर्काद्वारे एका सूक्ष्मजंतूकडून दुसऱ्याकडे जातो, हे टी. अकिबा व के. ओचियाई यांच्या संशोधनातून १९५९ मध्ये स्पष्ट झाले. सांडपाण्याचे या विषयातील महत्त्व समजण्यास हा शोध मूलभूत ठरला. कारण निरनिराळ्या जातींचे सूक्ष्मजंतू इतक्या दाटीने एकत्र येण्याची ठिकाणे सांडपाण्यासारखी थोडीच आहेत.

सूक्ष्मजंतू : अशुद्ध घरगुती सांडपाण्याच्या १०० मिलि. नमुन्यात विष्ठाजन्य कोलाय-सदृश सूक्ष्मजंतूंची संख्या सर्वसाधारणपणे १० लाखांपासून १० कोटींपर्यंत असते. यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. तथापि ते आढळणे म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असल्यामुळे पाण्याच्या परीक्षणात त्यांचा दर्शक म्हणून उपयोग करतात. त्यांच्याबरोबर पटकी, आंत्रज्वर (टायफॉइड), आमांश व हगवण यांचे कारक सूक्ष्मजंतूही असू शकतात. रुग्णालयांच्या सांडपाण्यात क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर इ. वंशांतील संधिसाधू सूक्ष्मजंतू आढळतात. निरोगी माणसास त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. परंतु नवजात अर्भके, भाजलेले रुग्ण, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्ती यांना त्यांच्यापासून गंभीर संसर्ग होतात.

प्रतिजैव पदार्थांचे अवशेष : सेवन केलेल्या प्रतिजैव पदार्थाचे शरीरात पूर्ण विघटन होत नाही. उदा., तोंडाने घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनाचा ४० ते ५० टक्के भाग मूत्रावाटे मूळ स्वरूपातच बाहेर पडतो. ॲमॉक्सिसिलिनाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. जनावरे व कोंबड्या यांना दिलेल्या औषधांचे अवशेष मलमूत्रावाटे शेतात व तेथून ओढ्यानाल्यांत जातात. न वापरलेल्या गोळ्या शौचकूपात टाकणे हाही अवशेषांचा एक मार्ग आहे. औषधाचा मूळ घटक तयार करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रमाण मात्र या सर्वांहून कित्येक पटींनी अधिक असू शकते.

निरनिराळ्या प्रतिजैव पदार्थांचे पाण्यातील वर्तन सारखे नसते. पेनिसिलीन वर्गातील पदार्थांचे रेणुवलय पाण्यात लवकर उलगडते, म्हणून मोठ्या प्रमाणावर वापर असूनही त्यांचे अवशेष कमी सापडतात. टेट्रासायक्लिने व फ्ल्युओरोक्विनोलोने (उदा., सिप्रोफ्लॉक्सॅसीन) घन कणांना चिकटून गाळात साचतात. सल्फामेथॉक्साझोल व एरिथ्रोमायसिनाच्या वर्गातील काही पदार्थ पाण्यातच राहून दूरवर वाहत जातात. त्यामुळे प्रदूषणाची पाहणी करताना पाणी व गाळ या दोन्हींचे परीक्षण करावे लागते.

औषधरोधाची निवड व प्रसार : औषधरोधी सूक्ष्मजंतू तीन प्रमुख प्रकारे स्वतःचा बचाव करतात : एंझाइमाच्या साहाय्याने औषधाचा रेणू निकामी करणे, औषध ज्या घटकावर आघात करते त्याची रचना बदलणे आणि कोशिकेत शिरलेले औषध बाहेर फेकणे. या क्षमतेची जनुके उत्परिवर्तनाने (आनुवंशिक घटकात अचानक होणाऱ्या बदलाने) उद्भवतात किंवा दुसऱ्या सूक्ष्मजंतूकडून मिळतात. मुख्य गुणसूत्राहून वेगळे असलेले डीएनएचे लहान वलय, म्हणजे प्लाझ्मिड, हे अशा देवाणघेवाणीचे प्रमुख साधन होय. दोन कोशिका एकमेकींस चिकटल्या असता प्लाझ्मिडाची प्रत एकीतून दुसरीत जाते व त्यासाठी दोन्ही कोशिका एकाच जातीच्या असाव्या लागत नाहीत. इंटेग्रॉन या नावाच्या जनुकरचनेत अनेक औषधांविरुद्धची जनुके एकापुढे एक साठविली जाऊ शकतात. अशा वेळी एका औषधाच्या सान्निध्यामुळे इतर औषधांविरुद्धचा रोधही टिकून राहतो. तांबे, जस्त यांसारख्या धातूंमुळेही कधीकधी हाच परिणाम घडतो.

सूक्ष्मजंतूंची वाढ थांबविण्याइतके औषध पाण्यात असेल तरच औषधरोधाची निवड होते, असा पूर्वी समज होता. स्वीडनमधील अप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये हा समज चुकीचा असल्याचे दाखविले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनाचे प्रमाण लिटरमागे ०·१ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतानाही काही औषधरोधी प्रकार औषधग्राही प्रकारांना मागे टाकतात, असे त्यांना प्रयोगांत आढळले. इतक्या अल्प प्रमाणात औषध कोणासही मारीत नाही. ते केवळ औषधग्राही सूक्ष्मजंतूंची वाढ किंचित मंदावते. पिढ्यान्‌पिढ्या साचत जाणारा हा किंचित फरकच अखेर निर्णायक ठरतो.

शुद्धीकरण केंद्रातील घडामोडी : प्राथमिक टप्प्यात जड कण तळाशी बसविले जातात. दुसऱ्या टप्प्यात हवा खेळवून सूक्ष्मजंतूंची भरपूर वाढ होऊ देतात. ते कार्बनी द्रव्य खातात व त्यांचे पुंजके गाळाच्या रूपाने वेगळे काढले जातात. या क्रियांमुळे विष्ठाजन्य सूक्ष्मजंतूंची संख्या साधारणतः ९० ते ९९ टक्क्यांनी घटते. हे प्रमाण समाधानकारक वाटले, तरी मूळ संख्या लक्षात घेता ते पुरेसे नसते. १०० मिलि. पाण्यातील १ कोटी सूक्ष्मजंतूंपैकी ९९ टक्के नाहीसे झाले, तरी १ लाख उरतात. भारतात नदीचे पाणी स्नानयोग्य मानण्यासाठी ठरविलेली विष्ठाजन्य कोलाय-सदृश सूक्ष्मजंतूंची कमाल मर्यादा १०० मिलि. मध्ये २,५०० इतकी असल्याने हे पाणी त्या मर्यादेच्या ४० पट दूषित राहते.

शिवाय दुसऱ्या टप्प्यातील हौदात सूक्ष्मजंतूंची दाटी, मुबलक अन्न व औषधांचे अवशेष ही तिन्ही एकत्र असल्याने जनुकांच्या देवाणघेवाणीस तेथे वाव मिळतो. केंद्राबाहेर पडणाऱ्या पाण्यात सूक्ष्मजंतूंची एकूण संख्या कमी झालेली असते. परंतु उरलेल्यांत औषधरोधी किती आहेत, हे त्या संख्येवरून कळत नाही. क्लोरिनामुळे कोशिका मरतात. पण त्यांच्यातील डीएनए पूर्णपणे नष्ट होईलच असे नाही व विशिष्ट परिस्थितीत इतर सूक्ष्मजंतू ते शोषून घेऊ शकतात. वेगळा काढलेला गाळ पुरेशी प्रक्रिया न करता खत म्हणून शेतात टाकल्यास औषधे व जनुके ही दोन्ही मृदेत पोहोचतात. असे असले तरी शुद्धीकरण केंद्र नसणे हे ते अपुरे असण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक होय.

औषधनिर्मितीचे सांडपाणी : पटनचेरू येथील उदाहरण : हैदराबादजवळील पटनचेरू (आता तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात) या औद्योगिक क्षेत्रातील सु. ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध केले जात असे. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील डी. जी. योआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे शुद्धीकरण झालेल्या, पाण्याचे परीक्षण करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिग्रॅ. पर्यंत आढळले. औषधाची नेहमीची मात्रा घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात हे प्रमाण कमाल २ ते ३ मिग्रॅ. असते. केंद्रातून दररोज सु. १,५०० घ. मी. पाणी सोडले जाई; यावरून दिवसाला सु. ४५ किग्रॅ. सिप्रोफ्लॉक्सॅसीन वाहून जात असल्याचा हिशेब निघाला. ९० लाख लोकवस्तीच्या स्वीडनमध्ये तेवढे औषध पाच दिवसांत वापरले जात असे. या पदार्थामुळे औषधरोधाची निवड होऊ नये म्हणून पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे ०·०६४ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावे, असे २०१६ मध्ये सुचविण्यात आले. पटनचेरू येथील प्रमाण या मर्यादेच्या ४ लाख पटींहून अधिक होते.

जैव शुद्धीकरण नीट चालावे म्हणून या केंद्रात मानवी वस्तीचे सांडपाणीही मिसळले जाई. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा उपाय रूढ असला, तरी त्यामुळे आतड्यातील सूक्ष्मजंतू व तीव्र औषध यांची एकाच हौदात गाठ पडत होती. पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या केंद्रातून मिळविलेल्या ९३ सूक्ष्मजंतूंवर ३९ प्रतिजैव पदार्थांची चाचणी घेण्यात आली. त्यांपैकी ८६ टक्के सूक्ष्मजंतू २० किंवा त्याहून अधिक पदार्थांना दाद देत नव्हते आणि ९५ टक्क्यांत किमान एका प्रकारचे इंटेग्रॉन होते. नेहमीच्या रोगांचे ठळक कारक त्यांत नव्हते, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. संधिसाधू सूक्ष्मजंतू मात्र होते.

केंद्राचे पाणी इसकवागू व नक्कवागू या ओढ्यांमार्गे मांजरा नदीत जाई. बीड जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी पुढे गोदावरीस मिळते. परिसरातील सहा गावांच्या विहिरींतही औषधांचे अंश सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हे सांडपाणी नळावाटे हैदराबादच्या अंबरपेठ येथील शुद्धीकरण केंद्राकडे नेण्यात आले. त्या केंद्राचे पाणी मुसी नदीत व तेथून कृष्णेच्या खोऱ्यात जाते. अशा व्यवस्थेने ओढ्यांवरील भार हलका होतो. पण नदीच्या खोऱ्यांचा एकत्रित विचार केल्यास प्रश्नाचे स्थलांतर होते, असेच म्हणावे लागते.

शहरी सांडपाणी : औषध कारखाने नसलेल्या शहरांतही हा प्रश्न गंभीर आहे. टिमथी वॉल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिल्लीतील साचलेल्या व नाल्यांतील पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. एनडीएम-१ हे जनुक त्यांपैकी अनुक्रमे ५१ व २ नमुन्यांत आढळले. कार्बापेनेम या वर्गातील औषधे गंभीर संसर्गात जवळजवळ शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली असतात. हे जनुक ती निष्प्रभ करते. पटकी व आमांश यांच्या कारक सूक्ष्मजंतूंतही ते शिरले असल्याचे या पाहणीत दिसून आले. जनुकाचे संक्रमण ३०° से. तापमानास सर्वांत सुलभपणे होत होते. उत्तर भारतात हे तापमान वर्षातील अनेक महिने असते. पुण्यातील मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या अंगापेक्षा शहरातील पात्रात औषधरोधी जनुकांचे सापेक्ष प्रमाण सु. ३० पट होते व त्यांत कार्बापेनेमविरोधी जनुकांचाही समावेश होता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०–२१ च्या आकडेवारीनुसार भारतातील नागरी भागांत दररोज ७,२३६·८ कोटी लि. सांडपाणी निर्माण होत होते व त्यांपैकी प्रत्यक्षात सु. २,०२३·६ कोटी लि., म्हणजे २८ टक्के, पाण्याचे शुद्धीकरण होत होते. साठ देशांतील ७९ ठिकाणच्या सांडपाण्याच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत औषधरोधी जनुकांच्या प्रमाणाचा संबंध त्या त्या देशातील स्वच्छता व आरोग्यविषयक स्थितीशी निकटचा असल्याचे आढळले. औषधांचा अतिवापर आटोक्यात आणणे अत्यावश्यक आहे. परंतु मैला उघड्यावर वाहत राहिल्यास केवळ तेवढ्याने भागणार नाही, असा याचा अर्थ होतो.

सार्वजनिक आरोग्यास धोका : पिण्याच्या पाण्यात सर्वसाधारणपणे सापडणारे अवशेष अत्यल्प असतात व त्यांची माणसावर प्रत्यक्ष विषबाधा होण्याची शक्यता फार थोडी असते. खरा धोका अप्रत्यक्ष आहे. औषधरोधी सूक्ष्मजंतू पिण्याच्या पाण्यातून, सांडपाण्यावर पिकविलेल्या व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांतून, नदीस्नानातून अथवा गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांच्या हातातोंडावाटे शरीरात प्रवेश करतात. पुष्कळदा रोग न उत्पन्न करता ते आतड्यात वस्ती करतात व त्यांची जनुके तेथील इतर सूक्ष्मजंतूंना मिळतात. पुढे कधीतरी मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा शस्त्रक्रिया यांच्या निमित्ताने उपचार निष्फळ ठरतो. दूषित पाणी व फसलेला उपचार यांत महिने अथवा वर्षे लोटलेली असल्यामुळे एखाद्या रुग्णाच्या बाबतीत कार्यकारणसंबंध सिद्ध करणे कठीण असते. हा धोका दीर्घकाळ दुर्लक्षित राहण्याचे ते एक कारण आहे.

हा संबंध ठळकपणे दिसून आला तो पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हैदराबाद शहरी. तेथे २०१६ च्या अखेरीस आंत्रज्वराची साथ सुरू झाली. तिच्या कारक सूक्ष्मजंतूने एश्चेरिकिया कोलायसारख्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंत आढळणारे प्लाझ्मिड मिळविले होते. त्यामुळे पूर्वीची औषधे, सिप्रोफ्लॉक्सॅसीन व सेफ्ट्रिॲक्सोन ही सर्वच निरुपयोगी ठरली आणि तोंडाने घेण्याजोगे ॲझिथ्रोमायसीन हेच प्रमुख औषध उरले. आंत्रज्वर दूषित पाण्यातून पसरतो; म्हणजे नवे जनुक मिळालेल्या सूक्ष्मजंतूस प्रसाराचा मार्ग तयारच होता. सूक्ष्मजंतूंच्या औषधरोधामुळे २०१९ मध्ये जगात सु. १२·७ लाख मृत्यू थेट घडून आले, असा अंदाज आहे. यांतील सांडपाण्याचा वाटा वेगळा काढता येत नाही.

नियंत्रण व मापन : सांडपाण्याची प्रत जैव ऑक्सिजन मागणी, तरंगते घन पदार्थ इ. मापांनी ठरवितात. भारतातील २०१७ च्या अधिसूचनेत नव्या शहरी केंद्रांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कोलाय-सदृश सूक्ष्मजंतूंचीही मर्यादा घालण्यात आली. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैव पदार्थांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र शासनाने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तथापि ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादांचा अंतर्भाव झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैव पदार्थांच्या उत्पादनातील सांडपाणी व घन कचरा यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी यूरोपीय संघाने मोठ्या शहरांच्या सांडपाण्यातील औषधरोधाचे नियमित मापन बंधनकारक करणारा निर्देश स्वीकारला.

तांत्रिक उपायांत ओझोनाची प्रक्रिया, क्रियाशील कार्बनावर शोषण व जंबुपार किरणांचा वापर हे प्रमुख होत. स्वित्झर्लंडमध्ये निवडक केंद्रांत सूक्ष्म प्रदूषके काढून टाकणारा अतिरिक्त टप्पा २०१६ पासून कायद्याने आवश्यक केला आहे. ही साधने खर्चिक असल्याने जेथे प्रदूषण सर्वांत तीव्र आहे तेथे, म्हणजे कारखाने व मोठी रुग्णालये यांच्या आवारातच, ती प्रथम बसविणे श्रेयस्कर ठरते. एकदा तीव्र सांडपाणी शहराच्या गटारात मिसळले, की तेच काम शेकडोपट पाण्यावर करावे लागते. पशुपालनात वाढीसाठी औषधे देणे थांबविणे हाही उपाय होय. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनाच्या वापरावर बंदी घातली.

सांडपाण्याचे परीक्षण आगाऊ सूचना मिळविण्यासाठीही उपयुक्त आहे. मुंबईच्या सांडपाण्यात बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) व्हायरसाचा शोध २००१ पासून घेतला जात आहे व त्या रोगाच्या निर्मूलनात या कार्याचे मोल सिद्ध झाले आहे. त्याच धर्तीवर औषधरोधी जनुकांची नोंद ठेवल्यास एखादे नवे जनुक रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच शहरात आल्याचे कळू शकते. मात्र मापन हे नियंत्रणाची जागा घेऊ शकत नाही. मानवी मैला पाण्यात मिसळू न देणे व औषधाचा अवशेष मैल्यापर्यंत पोहोचू न देणे, या दोन गोष्टींवरच प्रतिजैव पदार्थांची उपयुक्तता पुढील पिढ्यांसाठी टिकवून धरणे बहुतांशी अवलंबून आहे. [⟶ जलप्रदूषण, प्रतिजैव पदार्थ, सूक्ष्मजंतुविज्ञान].